थेंब कुठून आला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडी रात्रभर उभी होती आणि सकाळी काढली, तर फरशीवर हाताच्या तळव्याएवढा डाग. आजच्या बोलण्याचा विषय हा डाग आहे. त्यातही एक विशिष्ट डाग: टर्बोचार्जर असलेल्या गाडीच्या एक्झॉस्टच्या बाजूला, म्हणजे जिथून जळका वायू सायलेन्सरकडे निघतो त्या सर्वांत तप्त जागेजवळ, कसला तरी द्रव गळतो आहे आणि तो कुठून येतो ते कळत नाही. गॅरेजमध्ये यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं, ‘टर्बो गेला.’ हे दोन शब्द ऐकले की मालकाचा चेहरा उतरतो, कारण त्यांची किंमत हजारांत असते, मोठ्या गाडीत लाखाच्याही घरात जाते. अनेक वर्षं ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकवताना माझ्या लक्षात आलं, की हे निदान कित्येकदा चुकतं. ते का चुकतं, हे समजायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. तेल आणि आग एकमेकांच्या इतकी शेजारी कोणी आणून बसवली?

अल्फ्रेड ब्यूखी या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरनं. 1905 च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्याचं म्हणणं साधं होतं. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा मोठा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवावं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवावं, आणि त्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं आणि जास्त ताकद मिळते. आपल्याकडे उसाच्या चिपाडावरच गुऱ्हाळाची चूल पेटवतात, तशातलाच हा प्रकार. कल्पना सोपी होती, पण ती उपयोगात यायला वीस वर्षं गेली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर 1920 च्या दशकाच्या मध्यात ब्यूखीची यंत्रणा बसली आणि 1750 अश्वशक्तीची इंजिनं 2500 अश्वशक्ती देऊ लागली.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. विमान उंच गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. यावर फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यानं काम केलं आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यानं. या मॉसची एक चाचणी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी रंगवून सांगत असे. 1918 मध्ये त्यानं विमानाचं ‘लिबर्टी’ इंजिन ट्रकवर चढवलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या शिखरावर नेलं. उंची 14,109 फूट. समुद्रसपाटीच्या आसपास साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन तिथे 230 वर आलं. टर्बो जोडला आणि आकडा 356 वर गेला. विमान न उडवता विमानाचा प्रश्न सोडवणारी ही चाचणी मला अजूनही फार देखणी वाटते.

आता तेलाकडे येऊ. धुराच्या झोतावर फिरणारं चक्र लालबुंद तापतं. डिझेलच्या गाडीत धुराचं तापमान सातशे-आठशे अंशांपर्यंत जातं, पेट्रोलमध्ये नऊशेच्या वरही. छोट्या मोटारीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या वेगाला साधं बेअरिंग टिकत नाही. म्हणून दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत ठेवतात. ते तेल इंजिनाच्या पंपातून दाबानं येतं, दांड्याला आंघोळ घालतं आणि खाली चेंबरमध्ये परततं. म्हणजे एका बाजूला आठशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा आणि मधल्या चार बोटांच्या जागेत उकळतं तेल. ब्यूखीच्या कल्पनेनं हा शेजार जन्माला घातला आणि तो आजही तसाच आहे.

विमानात हा शेजार त्यातल्या त्यात सुसह्य होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17 या बॉम्बफेकी विमानात टर्बोचं तापलेलं चक्र इंजिनाच्या घराखाली उघड्यावरच असे. बाहेरचा बर्फासारखा वारा त्याच्यावरून वाहत जाई. तरीही तप्त भाग आणि गळणारा द्रव एकत्र आले की काय होतं, याचा धडा विमानांनीच दिला. 18 फेब्रुवारी 1943 रोजी सिएटलमध्ये बोइंगचा ख्यातनाम चाचणी-वैमानिक एडी अ‍ॅलन बी-29 चा दुसरा नमुना घेऊन निघाला. एका इंजिनाला आग लागली. ती विझवली असं वाटलं. विमान परत फिरलं, उतरायच्या बेतात आलं आणि पंखातून पुन्हा ज्वाळा निघाल्या. ते एका मांसप्रक्रिया कारखान्यावर कोसळलं. विमानातले सर्व 11 जण गेले, कारखान्यातले आणि मदतीला धावलेले मिळून जमिनीवरचेही वीसच्या आसपास. इंधन गळून पंखाच्या पुढच्या कडेच्या पोकळीत शिरलं होतं. दोष टर्बोचा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. ज्वाळा दिसल्या एका जागी आणि इंधन भटकलं होतं दुसऱ्याच जागी. गळतीचा हा स्वभाव विमानात आणि मोटारीत सारखाच असतो.

मोटारीच्या इतिहासात टर्बो आला तो गमतीशीर अपयशांच्या वाटेनं. 1952 च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीनं टर्बो बसवलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अ‍ॅगाबाशियन या चालकानं पात्रता फेरीतून पोल पोझिशन मिळवली. डिझेलच्या गाडीनं, विचार करा! प्रत्यक्ष शर्यतीत मात्र 200 पैकी 71 व्या फेरीला गाडी थांबली. हवा ओढण्याचं तोंड खाली, पुढच्या बाजूला होतं आणि पुढच्या गाड्यांच्या टायरांचा रबरी कचरा त्यातून आत जाऊन टर्बो तुंबला होता. इंजिन ठणठणीत होतं, त्याचा श्वास कोंडला होता. याच कमिन्सनं पुढे 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला, आणि पुण्यातल्या मिस्त्र्यांच्या एका पिढीनं टर्बो पहिल्यांदा पाहिला तो मोटारीवर नव्हे, तर जनरेटरच्या आणि खाणीतल्या यंत्रांच्या डिझेल इंजिनांवर.

त्याच 1962 साली अमेरिकेत सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी टर्बोच्या दोन मोटारी आल्या. एक शेवर्लेची कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर आणि दुसरी ओल्ड्समोबिलची जेटफायर. जेटफायरची गोष्ट आजच्या विषयाला अगदी जवळची आहे. साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-आठ इंजिन, ताकद 215 अश्वशक्ती. दाबलेल्या हवेनं इंजिनात अवेळी स्फोट होऊन ठोके बसू नयेत म्हणून कंपनीनं एक वेगळी टाकी दिली आणि तिच्यातल्या द्रवाला नाव दिलं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. नाव भारदस्त, पण आत काय? डिस्टिल्ड वॉटर, मिथेनॉल आणि थोडं गंजरोधक. हा द्रव इंजिनात फवारला जाई आणि हवा थंड राखी. टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब कमी करी, म्हणजे गाडी चालत राही पण तिची मिजास उतरे. लोक टाकी भरायला विसरत. मग ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रार घेऊन येत. कोणी द्रव गळतो म्हणे, कोणी टर्बोच बिघडला म्हणे. दोन हंगामांत साडेनऊ हजारांच्या घरात गाड्या विकल्या गेल्या आणि 1965 मध्ये कंपनीनं मालकांना देऊ केलं, की आणा गाडी, टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून देतो. बऱ्याच जणांनी ते आनंदानं मान्य केलं. नव्या यंत्राबरोबर गिऱ्हाइकाच्या गळ्यात एक नवं रोजचं काम पडतं आणि ते करायला तो तयार असतोच असं नाही. कंपन्यांना हे आधी कळत नाही, हे माझं जुनं मत आहे.

यानंतर दहा वर्षं मोटारींत टर्बो जवळपास सामसूम होता. 1973 मध्ये बीएमडब्ल्यूनं 2002 टर्बो काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ हा शब्द उलट्या अक्षरांत लिहिला होता, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात तो सुलट दिसावा आणि त्यानं वाट द्यावी. तेवढ्यात तेलसंकट आलं आणि जेमतेम सतराशे गाड्यांवर तो गर्व संपला. टर्बोला घरगुती केलं ते साबनं. 1977 मध्ये दाखवलेल्या साब 99 टर्बोत दाब हद्दीबाहेर गेला की जादा धूर बाजूला वळवणारी झडप होती आणि टर्बो शर्यतीच्या वेगासाठी नव्हे, तर रोजच्या चढाला आणि ओव्हरटेकला उपयोगी पडेल असा जमवला होता. पुढच्याच वर्षी मर्सिडीजनं टर्बो डिझेल मोटार अमेरिकेत विकायला आणली.

पण घरगुती वापरात एक नवा रोग उद्भवला. वैमानिक उतरल्यावर इंजिन शांतपणे थंड करतो. मोटारवाला मात्र घाट चढून येतो, हॉटेलसमोर थांबतो आणि किल्ली फिरवून चहाला जातो. इंजिन बंद, म्हणजे तेलाचा पंप बंद. तिकडे चक्र अजून तापलेलं, त्याची उष्णता दांड्यातून मधल्या भागात उतरते आणि तिथे अडकलेल्या तेलाचा कोळसा होतो. असे शेकडो कप चहा झाले की तेलाची वाट अरुंद होते. म्हणून ‘बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा’ ही सूचना आली. आपल्याकडे जुन्या टर्बो गाड्यांच्या काचेवर तसा कागदही चिकटवलेला असे. 1980 च्या दशकात मोटारींच्या टर्बोला मधल्या भागाभोवती पाणी खेळवायची सोय झाली. इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर आणि गार पाणी खाली या न्यायानं ते थोडा वेळ आपोआप फिरत राहतं. रोग आटोक्यात आला, पण एक्झॉस्टच्या शेजारी तेलाच्या दोन नळ्या होत्या तिथे आता कूलंटच्या आणखी दोन आल्या. प्रत्येक नळीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला तांब्याचा वॉशर किंवा रबरी होज आणि क्लिप. गळायला जागा दुप्पट झाल्या.

आपल्याकडे ट्रक आणि बसच्या मागे ‘टर्बो’ हा शब्द अभिमानानं रंगवलेला दिसू लागला तो 1990 च्या दशकात. 1998 ची टाटा सफारी पुण्याची, 2002 ची स्कॉर्पिओ नाशिकची. या गाड्यांनी टर्बो डिझेल मध्यमवर्गीयांच्या दारात आणलं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर तर लिटरभराच्या पेट्रोल इंजिनावरही टर्बो ही सामान्य गोष्ट झाली. पूर्वी जो प्रश्न ट्रकवाल्याचा होता, तो आता हप्ते फेडणाऱ्या शिक्षकाचा आणि कारकुनाचा झाला आहे.

तर डाग पडला आहे. आधी तो कसला, ते पाहू. पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावा. एसी लावून आल्यावर गळणारं स्वच्छ पाणी निरुपद्रवी. सकाळी सायलेन्सरमधून ठिबकणारं पाणीही इंधन जळताना तयार झालेलं असतं. काळं किंवा तपकिरी, बोटांना बुळबुळीत लागणारं म्हणजे इंजिन ऑइल. ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात लाल रंग मिसळण्याची रीत अमेरिकेत पडली ती नेमकी यासाठी, की गळती झाली तर इंजिन ऑइलपासून ते वेगळं ओळखू यावं. पॉवर स्टिअरिंगमध्येही पुष्कळदा तेच तेल असतं. कूलंट पूर्वी हिरवं असे, आता गुलाबी, निळं, नारिंगी, कंपनीगणिक वेगळं. त्याला गोडसर वास येतो आणि वाळल्यावर जोडाशी पांढुरकी किंवा रंगीत खपली धरते. ते चाखून मात्र पाहू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड असलं तरी विषारी आहे, आणि कुत्रा-मांजरं त्या गोडीनंच मरतात.

कूलंटबद्दल एक गैरसमज आहे, की ‘पाणीच आहे, जळून जळून काय जळणार?’ तापलेल्या एक्झॉस्टवर कूलंट पडलं की त्यातलं पाणी आधी उडून जातं आणि मागे ग्लायकॉल उरतं. ते पेट घेऊ शकतं. ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं तेल तर घेतंच. म्हणून बॉनेटखालून जळका वास किंवा धूर येत असेल, तर ‘घरी पोचून बघू’ हा विचार सोडून द्यावा. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, माणसं उतरवावीत. धूर निघत असताना बॉनेट सताड उघडू नये, आत वारा मिळाला की आग भडकते.

आता दुसरा प्रश्न, थेंब निघाला कुठून? तेल खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे जातं. एक्झॉस्टच्या खालचा भाग ओला दिसतो, तेव्हा उगम बहुधा वर असतो. कितीदा तरी तो टॅपेट कव्हरच्या कडक झालेल्या पॅकिंगमध्ये सापडतो, आणि ते पॅकिंग टर्बोच्या किमतीपुढे अगदी किरकोळ. म्हणून ओल्या भागातली सर्वांत उंच जागा शोधायची. त्यानंतर टर्बोला येणारी तेलाची नळी, तिचे वॉशर, मग परतीची नळी.

परतीच्या नळीवर थोडं थांबायला हवं, कारण ‘टर्बो गेला’ या निकालातली बरीच चूक इथे आहे. टर्बोच्या दांड्याला बाहेरून ऑइल सील असतं तसं रबरी सील नसतं, त्या उष्णतेत रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक रिंग असते. ती तेल पूर्णपणे अडवत नाही. धुराचा आणि हवेचा बाहेरचा दाब तेलाला आत रेटून धरतो आणि तेल स्वतःच्या वजनानं खाली निघून जातं, या दोन गोष्टींच्या भरवशावर सगळं चालतं. परतीच्या नळीत कोळसा साचला, ती वाकली, तिच्या पॅकिंगवर कोणी गास्केटचा लगदा जास्त लावला आणि तो आत शिरला, तर तेल खाली जाऊ शकत नाही. इंजिनात गरजेपेक्षा जास्त तेल भरलं, ब्रीदर तुंबला, किंवा जुन्या इंजिनाच्या झिजलेल्या रिंगांमधून चेंबरमध्ये दाब साचला, तरी तेच. एअर फिल्टर धुळीनं बुजला, तर हवेच्या बाजूचं चक्र तेल ओढून घेतं. या साऱ्यांत टर्बो निर्दोष असतो. नवा बसवला तरी चार दिवसांत तोही गळू लागतो, आणि मालकाला वाटतं, माल खोटा होता! अ‍ॅगाबाशियनच्या गाडीसारखंच हे. म्हणून टर्बो बदलायचं कोणी सांगितलं, तर मालकानं दोनच प्रश्न विचारावेत: परतीची नळी काढून पाहिली का, आणि ब्रीदर साफ आहे का? टर्बो खरोखर गेला असेल तर गार इंजिनावर दांडा बोटांनी हलवून पाहता येतो. वर-खाली अगदी किंचित खेळ असणारच, पण चक्राची पाती बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा असतील, तर मिस्त्री खरं बोलतो आहे.

इतकं करूनही सगळीकडे मेण लिंपल्यासारखं तेल असेल, तर? यावरचा उपाय मोटारीहूनही जुना आहे आणि तो रेल्वेच्या वर्कशॉपांतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आस आणि चाकांतल्या अदृश्य भेगा शोधण्यासाठी भाग तेलात बुडवत, कोरडा पुसत आणि त्यावर खडूच्या भुकटीचा पांढरा लेप देत. भेगेत शिरलेलं तेल थोड्या वेळानं लेपावर काळी रेघ बनून उमटे. आपल्याकडे टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर वेल्डिंगच्या एका अंगाला चुन्याचा किंवा खडूचा हात देऊन दुसऱ्या अंगाला रॉकेल लावतात, ते याचंच भावंड. मोटारीलाही ते चालतं. गार इंजिन धुऊन कोरडं करायचं, संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरायची, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं आणि बॅटरी घेऊन पाहायचं. पावडरीत पहिली ओली रेघ जिथे उमटेल, तिथे गळती.

याच्या पुढची पायरी कॅलिफोर्नियातल्या दोन भावांची आहे. रॉबर्ट स्विट्झर 1933 मध्ये कामावर पडला, डोक्याला मार लागला, दृष्टी अधू झाली आणि डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. त्या काळात तो आणि त्याचा भाऊ जोसेफ अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या पदार्थांच्या नादी लागले. वडिलांच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या अंधारात दिव्यापुढे धरून कोणती चमकते ते ते पाहत. जोसेफला जादूच्या प्रयोगांचा शौक होता, त्याला हे रंग त्यासाठी हवे होते. रॉबर्टच्या डोक्यात मात्र ती खडूची चाचणी आली. काळ्या तेलाऐवजी चमकणारा द्रव वापरला तर? 1941 मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि युद्धकाळात विमानांच्या इंजिनांच्या भागांतल्या भेगा या पद्धतीनं शोधल्या जाऊ लागल्या. टर्बो लावलेली विमानं आणि हा दिवा असे एकाच युद्धात वाढले.

आज तोच प्रकार छोट्या बाटलीत मिळतो. तेलासाठी वेगळा रंग, कूलंटसाठी वेगळा. गाडीत ओतायचा, दिवसभर नेहमीसारखी चालवायची आणि संध्याकाळी अंधारात अतिनील टॉर्च मारायची. गळती पिवळ्या-हिरव्या रंगात पेटून उठते. एक्झॉस्टजवळ मात्र एक खाचखळगा आहे. फार तापलेल्या लोखंडावर तो रंग स्वतःच जळून जातो. तेव्हा मधोमध काहीच चमकत नाही, काळोख दिसतो. मिस्त्रीनं त्या काळोखाच्या भोवती, उष्णतेच्या पत्र्याच्या कडेला, नटांच्या खाचांत आणि वरच्या नळीच्या पोटाशी टॉर्च फिरवायची असते. रेघ तिथून सुरू झालेली सापडते.